हॉटेलच्या हाउसकीपिंगमध्ये कोण काय करतं, आणि '१४ रूम' म्हणजे नेमकं किती काम?

तगर

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर एका ताईंनी लिहिलं होतं, की मुलाला हॉटेल मॅनेजमेंटला घातलंय, ट्रेनिंगमध्ये त्याला हाउसकीपिंगला टाकलंय आणि घरात सगळे विचारतायत, एवढी फी भरून झाडूपोछाच करायचा होता का. तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी १७ वर्षं याच खात्यात आहे. गोव्यात समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये रूम अटेंडंट म्हणून लागले, तिथेच फ्लोअर सुपरवायझर झाले आणि आता पुण्यात १२० रूमच्या एका हॉटेलात असिस्टंट हाउसकीपर आहे. जे लिहितेय ते अशा मधल्या आकाराच्या हॉटेलाचं आहे. चारशे रूमच्या ठिकाणी पदं वाढतात, वीस रूमच्या लॉजमध्ये एकच माणूस सगळं बघतो. कामं मात्र तीच.

सगळ्यात वर एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर. खात्याचं बजेट, माणसं घेणं, लिनन (म्हणजे चादरी, अभ्रे, टॉवेल) आणि केमिकलची खरेदी, पेस्ट कंट्रोल किंवा बाहेरून काचा धुणाऱ्या ठेकेदारांचे करार, हे सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या हाताखाली आम्ही असिस्टंट: ड्यूटी रोस्टर, रोजची हजेरी, रोजच्या तक्रारी. त्याखाली खात्याच्या फांद्या फुटतात. पहिली म्हणजे फ्लोअर, जिथे सुपरवायझर आणि त्यांच्याखाली रूम अटेंडंट असतात. जोडीला हाऊसमन, म्हणजे गाद्या हलवणं, मळलेलं लिनन खाली नेणं, एक्स्ट्रा बेड पोहोचवणं असली जड कामं करणारी मुलं. दुसरी फांदी पब्लिक एरिया: लॉबी, लिफ्ट, कॉरिडॉर, बँक्वेट हॉल, टॉयलेट. तिसरी लिनन आणि युनिफॉर्म रूम. तिथेच आमचे टेलरकाका बसतात. शेफच्या कोटाच्या बटणापासून पडद्याच्या हुकापर्यंत सगळं त्यांच्याकडे. लॉन्ड्री कुठे आमच्याच खात्यात असते, कुठे बाहेर दिलेली असते. मोठ्या हॉटेलांत फुलं आणि बागही हाउसकीपिंगकडेच.

पण या सगळ्याचा जीव कंट्रोल डेस्कवर असतो. तळघरातली किंवा मागच्या जिन्याजवळची एक छोटी खोली, दोन फोन, एक कॉम्प्युटर, चाव्यांचं कपाट आणि लॉगबुक. पाहुण्याने उशी मागितली, नळ गळतोय, कोणी कानातलं विसरलं, चहा सांडला, सगळे फोन तिथे येतात. डेस्कवरची मुलगी वेळ टाकून लिहून घेते, कोणाला सांगितलं ते लिहिते, आणि काम झाल्याचा निरोप आला की पुन्हा वेळ टाकते. डेस्क ढिला असेल तर मजल्यावर कितीही चांगली माणसं असोत, हॉटेल विस्कटतं.

सकाळी पावणेसातला आम्ही ब्रीफिंग घेतो. फ्रंट ऑफिसकडून, म्हणजे रिसेप्शनकडून आलेला रिपोर्ट समोर असतो: किती रूम चेकआउट, किती ऑक्युपाइड, किती रिकाम्या, किती दुरुस्तीसाठी बंद, कुठे व्हीआयपी येणार. त्यावरून प्रत्येक अटेंडंटच्या नावाने एक कागद निघतो, अलॉटमेंट शीट. आज कुठल्या रूम तुझ्या, हे त्यावर असतं. माझ्या मते या खात्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच, आणि सगळ्यात निष्काळजीपणे भरला जाणाराही हाच.

आपल्याकडे एका अटेंडंटला एका शिफ्टमध्ये साधारण १२ ते १६ रूम देतात. आमच्याकडे १४. ऐकायला सोपं वाटतं. आता हिशोब करा. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. ब्रीफिंगला १५, ट्रॉली लावायला २०, जेवणाला ३०, शेवटी ट्रॉली रिकामी करून पॅन्ट्री (मजल्यावरची सामानाची खोली) आवरायला २५. उरली ३९०. चेकआउट झालेली रूम नीट करायला ४० मिनिटं लागतात, कारण बेड पूर्ण उतरवायचा, ड्रॉवर उघडून बघायचे, बाथरूम घासायचं, सगळं सामान नव्याने ठेवायचं. पाहुणा राहत असलेली रूम २२ मिनिटांत होते. एखादीला ४ चेकआउट आणि १० ऑक्युपाइड आल्या तर १६० अधिक २२०, म्हणजे ३८० मिनिटं. बसलं. दुसरीला ९ चेकआउट आणि ५ ऑक्युपाइड आल्या तर ३६० अधिक ११०, म्हणजे ४७०. तिच्याकडे वेळ आहे ३९०. शीटवर दोघींच्या नावापुढे १४ च लिहिलेलं असतं.

हे मला कोणी शिकवलं नाही. गोव्यात सुपरवायझर झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात, डिसेंबरातल्या एका रविवारी कळलं. लग्नाचा मोठा ग्रुप सकाळी जाणार होता, दुपारी दुसरा ग्रुप येणार होता. मी घाईत मजल्याच्या क्रमाने सगळ्यांना चौदा-चौदा रूम वाटल्या. दुपारी दोनला एका रूमच्या तपासणीला गेले. बेड सुंदर, आरसा स्वच्छ. दातांच्या ब्रशचा ग्लास सहज उजेडात धरला, तर काचेवर गुलाबी धागा चिकटलेला. वापरलेल्या बीच टॉवेलचा धागा. म्हणजे ग्लास धुतला नव्हता, पाहुण्याच्या टॉवेलनेच पुसून कागदी झाकण लावलं होतं. मी त्या ताईंना पॅसेजमध्येच बोलले, आवाज चढवून. त्या सावंतवाडीकडच्या, माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. त्या काही बोलल्या नाहीत. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातला डबा दाखवला, तसाच बंद. मग मी त्यांचं शीट घेतलं आणि पहिल्यांदा नीट वाचलं: ११ चेकआउट, ३ ऑक्युपाइड. ५०६ मिनिटं. ते शीट माझ्या अक्षरात होतं.

ग्लास न धुणं चूकच. पाहुण्याच्या तोंडाला लागणारी वस्तू आहे. पण ती चूक सकाळी पावणेसातला माझ्या टेबलावर झाली होती. मी त्यांची माफी मागितली आणि त्या दिवसापासून शीटवर रूमच्या आकड्याशेजारी मिनिटांचा आकडा लिहिते.

इथे कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा. तुमच्याकडे वाटप कसं होतं?

मधली_सुट्टी

तगरताई, तो प्रतिसाद माझाच होता. राग न मानता एवढं लिहिलंत, मनापासून आभार. ग्लासचा प्रसंग दोनदा वाचला.

मुलगा परवा फोनवर सांगत होता की चार दिवस नुसते चादरीचे कोपरे घालायला लावलेत. चादर घालायची, सुपरवायझर उपटून टाकतात, परत घालायची. त्याला वाटतं हा छळ आहे. आणि रोज 'आर-१, आर-२' असलं काहीतरी पाठ करतोय. यात पुढे करिअर काय, हेही सांगाल का? आमच्या नात्यात या क्षेत्रातलं कोणीच नाही.

रेघोट्या

मी नऊ वर्षं फ्रंट ऑफिसला होतो, मुंबईत. काउंटरच्या पलीकडून बघितलेलं सांगतो.

आमचा सिस्टिम म्हणतो ४१२ रिकामी. हाउसकीपिंगचा रिपोर्ट म्हणतो ४१२ मध्ये सामान आहे. या फरकाला डिस्क्रेपन्सी म्हणतात आणि दिवसातून निदान दोनदा दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून ती काढायची असते. एकदा संध्याकाळच्या गर्दीत आमच्या काउंटरने ती यादी न बघता रूम दिली. प्रवासाने दमलेलं जोडपं चावी लावून आत गेलं, तर आत एक आजी झोपलेल्या. त्यांच्या मुलाने दोन रूम घेतल्या होत्या आणि चेकआउट करताना आमच्या माणसाने एकीच्या जागी दोन्ही बंद केल्या होत्या. आजी घाबरून जिन्यापर्यंत आल्या. हाउसकीपिंगने दुपारी चार वाजताच '४१२ ऑक्युपाइड' असं लिहून पाठवलं होतं. तो कागद आमच्या ट्रेमध्ये पडून होता.

याची उलटी बाजूही असते. सिस्टिममध्ये पाहुणा आहे, रूममध्ये मात्र काहीच नाही, बेडवर सुरकुती नाही. बिल न भरता गेला असेल तर स्किपर, बिल भरून गेला पण आमच्याकडून नोंद राहिली असेल तर स्लीपर. दोन्ही पहिल्यांदा कळतं ते रूम अटेंडंटला. म्हणून अगदी थोडं सामान असलेला पाहुणा दिसला तरी अटेंडंट डेस्कला कळवतात.

माझं सरळ म्हणणं आहे: हॉटेल रूम विकतं, पण रूम विकायला तयार आहे हे ठरवण्याचा अधिकार रिसेप्शनला नाही. तो सुपरवायझरच्या सहीला आहे.

तगर

@रेघोट्या, आजींचं वाचून कससं झालं. हो, ती सही. अटेंडंटने 'झाली' म्हटलं की रूम स्वच्छ असते, सुपरवायझरने तपासली की 'व्हेकंट रेडी' होते. मधला अर्धा तास रिसेप्शनला फार लांब वाटतो, फोनवर फोन येतात. पण त्या अर्ध्या तासातच बेडशेजारचा दिवा लावून बघायचं असतं. उशीवरचा केस पांढऱ्या ट्यूबलाइटमध्ये दिसत नाही, दिव्याच्या तिरप्या उजेडात दिसतो. आणि पाहुणा रात्री तोच दिवा लावतो.

@मधली_सुट्टी, कोपऱ्यांबद्दल. गादीच्या पायथ्याशी चादर आत खोचायची, बाजूची कड उचलून गादीवर ४५ अंशात ठेवायची, लोंबतं टोक आत घालायचं, मग वरची कड सोडून तीही खोचायची. असा कोपरा रात्रभर कूस बदलली तरी सुटत नाही. सुटणारा कोपरा म्हणजे उघडी गादी, आणि गादी मळली तर ती चादरीसारखी धुता येत नाही. शिवाय हात बसला की एका बेडमागे दोन-तीन मिनिटं वाचतात. वरचा मिनिटांचा हिशोब बघा, १४ रूमला ते जेवणाच्या सुट्टीएवढं होतं. त्याचे सुपरवायझर त्याला त्याची जेवणाची सुट्टी मिळवून देतायत.

'आर' म्हणजे टास्की ब्रँडची केमिकलं, आपल्याकडच्या बऱ्याच हॉटेलांत हीच असतात. आर-१ बाथरूमसाठी, आर-२ फरशी आणि इतर टणक पृष्ठभागांसाठी, आर-३ काचेला, आर-४ लाकडी फर्निचरला, आर-५ सुवासासाठी, आर-६ कमोडला. पाठ व्हायलाच हवं, कारण पातळ करून फवारणीच्या बाटल्यांत भरलं की ओळख फक्त लेबलची. कमोडच्या ॲसिडवाल्या केमिकलमध्ये ब्लीच कधीही मिसळायचं नाही, विषारी क्लोरिन वायू सुटतो. घरीही हे लक्षात ठेवा. आणि कमोडचं फडकं वेगळ्या रंगाचं, आमच्याकडे लाल. ते दुसऱ्या कुठल्याही वस्तूला लागता कामा नये.

करिअरचं असं. हॉटेल मॅनेजमेंटचे मुख्य विषय चार: फूड प्रॉडक्शन, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस, फ्रंट ऑफिस आणि हाउसकीपिंग. दादरची आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) १९५४ पासून आहे, गोव्यात पर्वरीला आहे, पुण्यात राज्य सरकारची संस्था आहे, सगळीकडे हे चारही शिकावेच लागतात. डिग्री घेतलेली मुलं साधारणपणे सुपरवायझर किंवा मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागतात आणि पुढे एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरपर्यंत जातात. हॉस्पिटल, क्रूझ, विमानतळ, मोठमोठी ऑफिसं यांनाही हीच माणसं लागतात. मी डिग्रीवाली नाही, अटेंडंटपासून वर आले, त्याला वेळ जास्त लागला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

खाडीकाठ

दुबईतून लिहितोय. मी पब्लिक एरियाला नाइट सुपरवायझर आहे. आमची फांदी ताईंनी एका ओळीत उरकली, म्हणून थोडी भर घालतो.

रात्री साडेअकराला लॉबी शांत झाली की आमचा दिवस सुरू होतो. मार्बल दिवसा पॉलिश करता येत नाही, ओल्या फरशीवर पाहुणा घसरला तर संपलं. कार्पेट शाम्पू केला की वाळायला तास लागतात, म्हणून बँक्वेटच्या कार्यक्रमांची यादी बघून रात्री ठरवाव्या लागतात. झुंबर, उंच काचा, एस्कलेटरच्या पायऱ्यांमधल्या खाचा, सगळं रात्री. सकाळी साडेपाचला विमानाचे पाहुणे उतरायच्या आत यंत्रं, वायरी, पिवळे फलक गायब झालेले असले पाहिजेत. लोक म्हणतात लॉबी किती चकचकीत. ती रोज रात्री नव्याने तशी होते, आणि करणारी माणसं त्यांनी कधी पाहिलेली नसतात.

माझ्या टीममध्ये नेपाळी, केरळी, फिलिपिनो आणि दोन रत्नागिरीची मुलं. मिनिटांचा हिशोब आमच्याकडे चौरस मीटरमध्ये करतात. चूक तीच होते: मोकळ्या कॉरिडॉरचे शंभर मीटर आणि खुर्च्या-टेबलांनी भरलेल्या हॉलचे शंभर मीटर एकाच भावाने धरतात.

बाराखडी

फार माहितीपूर्ण धागा. माझा प्रश्न पाहुणा म्हणून आहे. आपण काय केलं तर या लोकांचं काम हलकं होतं? आणि टीप कुठे ठेवायची? मी उशीवर ठेवते, पण दोनदा ती तशीच राहिली.

तगर

@बाराखडी, राहत्या पाहुण्याच्या रूममधले पैसे अटेंडंट उचलूच शकत नाही, तुम्ही टीप ठेवलीत की विसरलात हे तिला कसं कळणार? चोरीच्या नुसत्या संशयावरही नोकरी जाते. एका चिठ्ठीवर 'हाउसकीपिंगसाठी' लिहून त्यावर ठेवा. आणि रोज ठेवा, शेवटच्या दिवशी एकदम नको, कारण त्या दिवशी दुसरीच कोणी ड्यूटीवर असू शकते.

जाताना ओले टॉवेल बेडवर किंवा कार्पेटवर न टाकता बाथरूममध्ये एकत्र ठेवा. बेड स्वतः नीट करू नका, आम्हाला तो उतरवायचाच असतो आणि नीट केलेल्या बेडमध्ये वस्तू हरवतात. 'डू नॉट डिस्टर्ब'चा बोर्ड दिवसभर ठेवणार असाल तर डेस्कला एक फोन करा. बोर्ड लावलेल्या रूमसाठी अटेंडंट तीन-तीन वेळा मजल्यावर परत येते, ती मिनिटं कुठल्याच शीटवर नसतात. शिवाय खूप वेळ बोर्ड दिसला की आत कोणी आजारी तर नाही ना, म्हणून फोन करावाच लागतो.

@खाडीकाठ, चौरस मीटरचं अगदी पटलं. तुमच्या रत्नागिरीच्या मुलांना नमस्कार सांगा.

चिंचेचं_झाड

नमस्कार. मालवणजवळ आमचं ९ खोल्यांचं घरगुती होमस्टे आहे. मी, बायको आणि गावातल्या दोन काकी. हा धागा वाचून वाटलं की आमचं सगळं डोक्यात आहे, कागदावर काहीच नाही.

दोन अडचणी आहेत. एक, चादरी किती ठेवाव्यात? दिवाळीत कमी पडतात, पावसाळ्यात कपाटात कुजतात. दोन, डाग. हळदीचे, मेंदीचे, आणि समुद्रावर जाणारे लोक अंगाला लावतात त्या क्रीमचे. पांढरे टॉवेल वर्षभरात पिवळट-तांबूस होतात. ब्लीचमध्ये घातले तर आणखी लाल झाले.

तगर

@चिंचेचं_झाड, तुमचा प्रश्न वाचून गोव्याचे दिवस आठवले. सविस्तर लिहिते.

लिननचा हिशोब 'पार'मध्ये करतात. सगळे बेड एकदा पूर्ण घालायला जेवढं लागतं तो एक पार. एक पार बेडवर, एक धुण्यात, एक मजल्यावरच्या पॅन्ट्रीत, एक लिनन रूममध्ये विश्रांतीला, असे निदान चार लागतात. विश्रांती हा शब्द आम्ही खरंच वापरतो. धुऊन इस्त्री केलेली चादर एक दिवस पडून राहिली तर सूत जास्त टिकतं. आमच्या हॉटेलात १२० रूमपैकी ७० मध्ये एक मोठा बेड आणि ५० मध्ये दोन-दोन, म्हणजे १७० बेड. बेडला दोन चादरी धरल्या तर एक पार ३४० चा आणि चार पार १३६०. तुमच्याकडे खोल्या ९, एकेक बेड धरला तर पार १८ चादरींचा. वीज आणि ऊन यांचा भरवसा नसलेल्या ठिकाणी पाच पार ठेवा, म्हणजे ९०.

पण कुजण्याचं कारण संख्या नाही, क्रम आहे. धुऊन आलेल्या चादरी आपण गठ्ठ्यावर ठेवतो आणि वरूनच उचलतो. खालच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत हलतच नाहीत. नवीन धुतलेल्या खाली ठेवा, वरच्या वापरा. पावसाळ्यात इस्त्रीनंतर लगेच कपाटात कोंबू नका, आतली वाफ निघू द्या. कपाट भिंतीला चिकटवू नका, खालचा कप्पा रिकामा ठेवा, दारं थोडी उघडी. खोली रिकामी असली तरी दोन दिवसांआड पंखा लावून खिडक्या उघडायच्या.

डागांचं. सनस्क्रीन क्रीममधल्या काही घटकांचा पाण्यातल्या लोहाशी संबंध आला की गंजासारखा डाग पडतो आणि ब्लीचने तो आणखी भडकतो. म्हणून त्या टॉवेलांना ब्लीच नकोच. आधी भांड्यांच्या साबणाने तेलकटपणा काढा, मग धुवा. आणि समुद्रावर न्यायला गडद रंगाचे वेगळे टॉवेल द्या, आम्ही शेवटी तेच केलं. दाराबाहेर पाय धुवायला नळ काढा, अर्धी रेती तिथेच राहते. हळद साबणाने लाल होते, घाबरायचं नाही, धुऊन कडक उन्हात टाकली की फिकी पडते. मेंदी मात्र सुटत नाही. लग्नाचा ग्रुप आला की आम्ही मेंदीच्या रात्री बेडवर जुन्या गडद चादरी घालून देतो, पाहुण्यांना सांगूनच. कोणी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

कामातून गेलेल्या चादरी फेकू नका. टेलरकाका त्यांच्या पाळण्याच्या चादरी, ट्रेवरची फडकी आणि शेवटी डस्टर करतात. प्रत्येकावर शिक्का मारतात, म्हणजे ते परत बेडवर जात नाही.

आणि एक वही घाला. खोलीत सापडलेल्या वस्तूंची. तारीख, खोली, वस्तू, कोणाला सापडली, सही. आमच्याकडे लिनन रूममध्ये चादरी मोजताना एकेक झटकून मोजतात. एकदा एका उशीच्या अभ्र्यातून कातडीच्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं काहीतरी पडलं. मोजणाऱ्या मुलाला वाटलं इअरफोन तुटलाय. तरी त्याने वहीत लिहिलं आणि डेस्कवर दिलं. संध्याकाळी एका काकांचा फोन आला, शब्द नीट ऐकू येत नसल्याने ते तेच तेच विचारत होते. त्यांचं श्रवणयंत्र होतं ते. न झटकता अभ्रा मशीनमध्ये गेला असता तर संपलंच होतं.

शिकागोकर

मूळचा नाशिकचा, बरीच वर्षं इथे. माझी शेजारीण, मेक्सिकोतून आलेल्या बाई, डाउनटाउनच्या हॉटेलात रूम अटेंडंट आहे. तिच्यामुळे या विषयाची एक बाजू कळली, जी धाग्यात अजून आली नाही: एकट्या बाईने अनोळखी माणसाच्या बंद खोलीत जाणं.

इथे 'युनाइट हिअर' या कामगार संघटनेने हा प्रश्न लावून धरला. २०१७ साली शिकागो शहराने कायदा केला की रूममध्ये किंवा टॉयलेटमध्ये एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येक हॉटेल कर्मचाऱ्याला जवळ बाळगायचं पॅनिक बटण द्यायचं. सिएटलमध्ये लोकांनी त्याआधी वर्षभर, २०१६ ला, मतदान करून तसाच नियम आणला होता. शेजारणीच्या गळ्यात ते बटण असतं. ती म्हणते, दाबायची वेळ आली नाही, पण दार ठोठावताना हात थरथरत नाही.

दुसरं पाठीचं. जड गाद्या उचलून कोपरे खोचणं, वाकून टब घासणं, यांनी कंबर आणि खांदे जातात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१८ पासून खास हॉटेलच्या हाउसकीपिंगसाठी नियम लागू आहे. मालकाने कामाच्या पद्धती तपासायच्या, दुखापत कशाने होते ते शोधायचं, लांब दांड्याची साधनं वगैरे उपाय करायचे, आणि त्यात कामगारांना सहभागी करून घ्यायचं. आपल्याकडे काय स्थिती आहे?

तगर

@शिकागोकर, हा मुद्दा आधीच लिहायला हवा होता. तुम्ही काढलात ते बरं झालं.

आपल्याकडे रीत अशी की दार ठोठावून 'हाउसकीपिंग' म्हणायचं, थांबायचं, पुन्हा ठोठावायचं. पाहुणा आत असेल तर दार पूर्ण उघडं, आणि ट्रॉली दारात आडवी. संशय आला तर 'नंतर येते' म्हणून सरळ निघायचं आणि डेस्कला कळवायचं. मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते: पाहुण्याची तक्रार आली तर मी बघेन, तू आधी बाहेर ये. हे वरिष्ठांनी तोंडाने म्हणावं लागतं, नाहीतर मुलगी नोकरीच्या भीतीने आत थांबते. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि पाहुण्याने त्रास दिला तरी तक्रार करता येते. बऱ्याच जणींना हे माहीत नसतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर बोलावता येत नाही, आणि बोलावलं तर सुरक्षेची व्यवस्था करावी लागते. टर्नडाउनची, म्हणजे रात्रीसाठी बेड तयार करून देण्याची संध्याकाळची शिफ्ट लांबते तेव्हा हे आठवायचं.

पाठीचं म्हणाल तर माझी स्वतःची कंबर चाळिशीच्या आतच गेली. आता टीमला सांगते की गादी वर उचलायची नाही, गुडघा टेकून, हात सपाट ठेवून सरकवायचा. गादी फिरवायचं काम हाऊसमन जोडीनेच करतात. आणि परत तेच: ४७० मिनिटांचं काम ३९० मध्ये बसवायला लागलं की पहिल्यांदा सुटतं ते गुडघा टेकणं.

रेघोट्या

@तगर, एक विचारायचं राहिलं. मिनिटांनी वाटप केल्यावर हॉटेलने माणसं वाढवून दिली का? की फक्त आपापसात बरोबर वाटलं गेलं?

तगर

दोन्ही झालं, पण लगेच नाही. पहिले दोन महिने फक्त वाटप बदललं. मग मी रोजची बेरीज लिहून ठेवायला लागले. आमच्याकडे ८० टक्के रूम भरल्या की ९६ होतात. १४ ने भागलं की सात अटेंडंट येतात, आणि रोस्टरवर सातच असायचे. पण शनिवार-रविवारी अर्ध्याहून जास्त चेकआउट असायचे आणि बेरीज ३००० च्या वर जायची. सात जणींकडे मिळून मिनिटं २७३०. हे आठ आठवड्यांचे आकडे एक्झिक्युटिव्ह हाउसकीपरना दिले. त्यांनी ते जनरल मॅनेजरपुढे ठेवले. शनिवार-रविवारसाठी एक माणूस वाढवून मिळाला. 'मुली दमतात' हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो, त्याला उत्तर मिळत नव्हतं. २७३० आणि ३००० ला मिळालं.

चिंचेचं_झाड

ताई, वही आणली. काकींनी पहिली नोंद केली: खोली ५, एक चप्पल, डावी. गठ्ठे उलटे केले. सगळ्यात खालची चादर निघाली ती मागच्या गणपतीतली.

मधली_सुट्टी

मुलाला हा धागा पाठवला होता. आज त्याने त्याच्या शीटचा फोटो पाठवला. त्याला आणि एका सीनियर दादांना मिळून आहे, पण त्याच्या वाट्याला ३ चेकआउट आणि ४ ऑक्युपाइड लिहिलेत. त्याने शेजारी पेन्सिलने २०८ लिहिलंय. मला विचारतो, सुपरवायझरना दाखवू का, की आगाऊपणा होईल? आणि म्हणाला, आज कोपरा उपटला नाही.

तगर

दाखवू दे. पण पेन्सिलचा आकडा त्याने चुकवलाय. ४० आणि २२ ही हात बसलेल्या माणसाची मिनिटं आहेत. शिकाऊ मुलाला पहिल्या महिन्यात दुप्पट धरतात, म्हणजे ४१६. २०८ खोडून ४१६ लिही म्हणावं आणि खाली आज प्रत्यक्षात किती लागली ते घड्याळ बघून लिही. रोज लिही. सहा आठवड्यांनी ट्रेनिंग संपताना ते कागद त्याच्याकडे असू देत, मुलाखतीला घेऊन जाता येतील.